समुपदेशकाच्या खोलीत कोणाचा देव?

नववीतला एक मुलगा एका सोमवारी मधल्या सुट्टीत माझ्याकडे प्रयोगशाळेत आला. वसईकडच्या ख्रिस्ती कुटुंबातला. तीन आठवड्यांपूर्वी त्याची आई अचानक गेली होती. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत सगळे संपले होते. बराच वेळ तो काचेच्या नळ्यांकडे पाहत उभा राहिला आणि मग म्हणाला, ‘‘सर, त्याच्या आधीचे दोन रविवार मी मिस्साला गेलो नव्हतो. मॅच होती. म्हणून झालं का हे?’’

मी विज्ञानाचा शिक्षक. मी फळ्यावर मेंदूची आकृती काढली, रक्तदाब म्हणजे काय ते सांगितले, रक्तवाहिनीची भिंत कुठे कमकुवत होते ते दाखवले. मॅचचा आणि रक्तवाहिनीचा काही संबंध असू शकत नाही, हे पटवून दिले. तो ‘‘हो सर’’ म्हणाला आणि गेला. पुन्हा त्या विषयावर तो माझ्याशी कधीच बोलला नाही. आकृती बरोबर होती. मुलाचा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे झाली. त्यानंतर ‘ख्रिस्ती समुपदेशन’ या नावाने अमेरिकेत जे प्रचंड साहित्य तयार झाले आहे, ते मी जमेल तसे वाचत आलो. व्यावसायिक समुपदेशनात ख्रिस्ती श्रद्धेला आणि अध्यात्माला जागा द्यावी का, आणि द्यायची तर कशी, हा त्या साहित्याचा विषय. त्यात भाबडे लेखन बरेच आहे, थोडे धोकादायक आहे, आणि काही थोडे असे आहे की ते विज्ञानाच्या शिक्षकाने वाचलेच पाहिजे. या तिन्ही प्रकारांची थोडी तपासणी इथे करायची आहे.

आधी आपल्या शब्दाबद्दल. ‘काउन्सेलिंग’ला आपण ‘समुपदेशन’ म्हणतो. हा शब्द घडवताना त्यात ‘उपदेश’ तसाच राहून गेला. गंमत अशी की आधुनिक समुपदेशनाचा पाया ज्याने घातला, त्या कार्ल रॉजर्सचा सगळा भर उपदेश न करण्यावर होता. १९४२ साली त्याचे या विषयावरचे पुस्तक निघाले. समुपदेशकाने सल्ला देण्याची घाई करू नये. समोरच्याचे म्हणणे नीट ऐकावे, त्याला अटी न घालता स्वीकारावे. वाट त्याची त्याला सापडते, असा त्याचा विश्वास. पण हा रॉजर्स आला कुठून? कडक शिस्तीच्या प्रॉटेस्टंट घरातून. १९२४ साली तो न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत पाळक होण्यासाठी दाखल झाला होता. तिथे त्याने आणि त्याच्या काही सोबत्यांनी असा वर्ग मागून घेतला, की ज्यात शिक्षक शिकवणार नाही, विद्यार्थ्यांनी आपलेच प्रश्न मांडायचे. त्या वर्गातून रॉजर्स बाहेर पडला तो धर्मशास्त्रातूनच बाहेर पडला आणि रस्त्यापलीकडच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्र शिकू लागला. म्हणजे धर्म आणि समुपदेशन यांचे नाते आज कोणी नव्याने जुळवत नाही. ही जुनी भाऊबंदकी आहे आणि अशा नात्यात असतो तसा हिशेब इथेही बाकी आहे.

तो हिशेब सर्वांत आक्रमकपणे मांडला जे अ‍ॅडम्स याने. फिलाडेल्फियाच्या वेस्टमिन्स्टर सेमिनरीत तो शिकवत असे. १९७० साली त्याचे ‘काँपिटंट टु काउन्सेल’ हे पुस्तक निघाले आणि पाळकांमध्ये त्याचा मोठा प्रसार झाला. अ‍ॅडम्सने आपल्या पद्धतीला जे नाव दिले ते एका ग्रीक शब्दावरून. त्या शब्दाचा अर्थ कान उघाडणी करणे, समज देणे. आपल्या भाषेत सांगायचे तर रॉजर्सने काढून टाकलेला ‘उपदेश’ अ‍ॅडम्सने परत आणून मधोमध बसवला. त्याचे म्हणणे असे, की शारीरिक बिघाडामुळे होणारे विकार वैद्याकडे जावेत. पण बाकी ज्यांना आपण मनाचे आजार म्हणतो त्यांच्या मुळाशी माणसाचे चुकीचे, पापी वर्तन असते. तेव्हा तिथे मानसशास्त्रज्ञाचे काम नाही. बायबल जाणणारा पाळकच तिथे अधिक लायक.

अ‍ॅडम्सला एकदम मोडीत काढणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. दुःखी माणूस दारात आला की ‘हे माझे काम नाही, तज्ज्ञाकडे जा’ असे म्हणून मोकळे होणाऱ्या पाळकांना त्याने हलवले. लोकांना तो घरी करण्यासाठी ठोस कामे देत असे. रागावलेल्या भावाशी जाऊन बोल, रोजचा दिवसक्रम लिहून आण, अशी. हे त्या काळातल्या वर्तनोपचारापासून फार दूर नव्हते. आणि पाप, अपराध, जबाबदारी हे शब्द मानसशास्त्राने फारच झटपट टाकून दिले, ही तक्रार करणारा तो एकटा नव्हता. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा अध्यक्ष राहिलेला मॉवरर हाच मुद्दा मांडत होता. १९६५ च्या उन्हाळ्यात अ‍ॅडम्सने त्याच्याबरोबर काही आठवडे कामही केले होते.

माझा आक्षेप पद्धतीच्या रचनेवर आहे. शरीराचा आजार आणि पाप, यांच्यामध्ये अ‍ॅडम्सने तिसरी जागाच ठेवली नाही. बेकारी, नवऱ्याची मारहाण, लहानपणी झालेला आघात, विचार करण्याची एखादी जुनी खोड, अनुवांशिक कल हे सगळे एकमेकांत गुंतून नैराश्य येते, हे आज आपल्याला माहीत आहे. यांतले पाप नेमके कोणते आणि कोणाचे? शिवाय हा सिद्धांत कशानेच चुकीचा ठरू शकत नाही. माणूस बरा झाला तर पश्चात्ताप खरा होता; बरा झाला नाही तर पश्चात्ताप अपुरा होता. असे विधान शास्त्रीय नसते, हे आपण आठवीच्या मुलांना शिकवतो. त्यातून होणारे नुकसान मात्र खरे असते. आजारी माणसाच्या पाठीवर आजाराचे ओझे असतेच, त्यावर बऱ्या न होण्याचा दोषही चढतो.

धर्माच्या बाजूनेही हे टिकत नाही. बायबलातल्या ईयोबाचे मित्र त्याला हेच सांगत बसतात, की तू काहीतरी पाप केले असशील. आणि गोष्टीच्या शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. अ‍ॅडम्सच्या नंतरच्या पिढीने आपला सूर बराच मवाळ केला, त्यात या वाचनाचाही भाग असावा.

दुसऱ्या टोकाला विज्ञाननिष्ठांची बाजू होती आणि तीही निर्दोष नव्हती. अ‍ॅल्बर्ट एलिस आपल्या वाचकांना नवा नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यासारख्यांच्या मराठी लेखनातून त्याची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती महाराष्ट्रात बऱ्याच घरांत पोहोचली आहे. प्रसंगाने आपण दुःखी होत नाही, प्रसंगाबद्दलच्या हट्टी, अविवेकी विचारांनी होतो, हे त्याचे सूत्र. १९८० साली अ‍ॅलन बर्गिन या मॉर्मन मानसशास्त्रज्ञाने एका मान्यवर संशोधनपत्रिकेत लिहिले, की मानसोपचार मूल्यांच्या बाबतीत तटस्थ असल्याचा आव आणतो, पण प्रत्यक्षात उपचारकाची निधर्मी मूल्ये रुग्णावर लादली जातात. एलिसने त्याच वर्षी त्याच पत्रिकेत उत्तर दिले. त्याचा सारांश असा, की कट्टर धार्मिकता आणि भावनिक अस्वास्थ्य हे हातात हात घालून चालतात. उत्तम मानसोपचार निरीश्वरवादीच असणार.

मी हे उत्तर प्रथम वाचले तेव्हा मला ते पटले होते. आज वाटते, प्रयोगशाळेत त्या मुलापुढे मी जो फळा रंगवला तो याच वृत्तीने. त्याच्या प्रश्नातला देव मी खडूने पुसून टाकला आणि उरलेल्या भागाचे उत्तर दिले.

एलिसचे मोठेपण असे, की पुढे त्याने आपले मत बदलले. कट्टरता अपायकारक असते, धार्मिकता ही तशी असतेच असे नाही, असे तो म्हणू लागला. २००१ साली त्याने दोन श्रद्धावान मानसशास्त्रज्ञांबरोबर, स्टीव्हन नील्सन आणि ब्रॅड जॉन्सन यांच्याबरोबर, धार्मिक माणसांशी विवेकनिष्ठ पद्धतीने कसे काम करावे यावर एक पुस्तकच लिहिले. स्वतः तो नास्तिकच राहिला.

हा बदल नुसत्या सौजन्याने झाला नाही. मधल्या काळात काही प्रयोग झाले होते. त्यांतला एक मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबू.

रेबेका प्रॉप्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग १९९२ साली प्रसिद्ध केला. नैराश्याने आजारी असलेली आणि धार्मिक वृत्तीची ५९ माणसे त्यांनी घेतली. त्यांचे चार गट केले. पहिल्या गटाला विचार आणि वर्तन यांवर काम करणारी नेहमीची उपचारपद्धती दिली. दुसऱ्या गटाला तीच पद्धत, पण ख्रिस्ती श्रद्धेच्या भाषेत. म्हणजे ‘मी अगदीच टाकाऊ आहे’ या विचाराला आव्हान द्यायचे, तर ते त्या माणसाच्या धर्मग्रंथातल्या कारणांनी. मनात चित्र उभे करायचे, तर त्या प्रसंगात येशू बरोबर आहे असे. तिसऱ्या गटाला पाळक करतात तसे समुपदेशन मिळाले आणि चौथा गट नुसता प्रतीक्षायादीत ठेवला. चौथा गट कशासाठी, हे विज्ञान शिक्षकांना सांगायला नको. काही न करताही काही माणसे आपोआप सावरतात. ते वजा केल्याशिवाय औषधाचा गुण कळत नाही.

श्रद्धेच्या भाषेतली पद्धत नेहमीच्या पद्धतीपेक्षा सरस ठरली. पाळकीय समुपदेशनाचा गटही चांगलाच सुधारला. काही मोजमापांत तर तो श्रद्धेच्या भाषेतल्या गटाच्याही पुढे गेला. इथपर्यंत अपेक्षित म्हणता येईल. पण प्रॉप्स्ट यांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. उपचार करणाऱ्यांपैकी काही जण स्वतः धार्मिक होते, काही नव्हते. सर्वांत जास्त गुण कोणाच्या हातून आला? स्वतः धार्मिक नसलेल्या, पण रुग्णाच्या धर्माची भाषा वापरणाऱ्या उपचारकांच्या हातून.

असे का व्हावे? माझा तर्क असा. जो स्वतः त्या धर्माचा नाही, त्याला ती भाषा रुग्णाकडून शिकावी लागते. तो विचारतो, तपासतो, गृहीत धरत नाही. जो त्या धर्माचा आहे त्याला वाटते, आपला देव आणि याचा देव एकच. आणि मग नकळत तो आपल्या देवाबद्दल बोलू लागतो. हा केवळ तर्क आहे. आणि ५९ भागिले ४ म्हणजे गटात सुमारे पंधरा माणसे. त्यांची पुन्हा उपचारकानुसार विभागणी केली की हातात मूठभर उरतात. एवढ्यावर इमारत उभी करता येत नाही. पण ख्रिस्ती समुपदेशनाच्या पुस्तकांत समुपदेशकाची स्वतःची श्रद्धा हाच पाया मानलेला असतो, त्या मानण्याला या लहानशा प्रयोगाने चांगलाच धक्का दिला आहे. त्या पुस्तकांत प्रॉप्स्ट यांचा उल्लेख येतो, तो ‘श्रद्धेच्या भाषेने गुण येतो’ एवढ्यापुरता. उरलेला निम्मा निष्कर्ष बहुधा गाळलेला असतो.

त्या मुलाची गोष्ट इथे पुरी करतो. पुष्कळ वर्षांनी तो भेटला, तेव्हा माझ्या आकृतीची आठवण त्याला होती आणि तो हसला. मग म्हणाला, तेव्हा चित्रकलेच्या बाईंशी तो बोलला होता. बाई वारकरी घरातल्या, गळ्यात माळ असलेल्या. त्यांनी त्याला इतकेच विचारले होते, ‘‘तुझ्या आईचा येशू असा होता का रे, क्रिकेटसाठी रागावणारा?’’ तो म्हणाला, त्या प्रश्नावर आपण पुष्कळ रडलो. आणि नंतरही बरेच महिने रात्री झोप येत नसे. म्हणजे एका वाक्याने चमत्कार झाला नाही. एका मुलाच्या आठवणीवरून सिद्धांत काढायचा नसतो, हेही मला कळते. पण बाईंनी जे केले त्याला प्रॉप्स्ट यांच्या दुसऱ्या गटातली पद्धत म्हणता येईल. मुलाच्या मनातल्या अविवेकी विचाराला त्यांनी त्याच्याच श्रद्धेतून आव्हान दिले. रक्तदाबाच्या मार्गाने मला तिथे पोहोचता आले नाही.

पुढे मोठे प्रयोग झाले आणि चित्र थोडे फिके पडले. २०१५ साली हॅरॉल्ड केनिग आणि सहकाऱ्यांनी दीर्घ आजार आणि नैराश्य एकत्र असलेल्या १३२ माणसांवर अशीच तुलना केली. दहा बैठका, बहुतेक दूरध्वनीवरून. पद्धतीची पुस्तिका ख्रिस्ती, ज्यू, मुस्लिम, हिंदू आणि बौद्ध अशा पाच रूपांत तयार केली होती. धार्मिक आणि नेहमीची, दोन्ही पद्धती सारख्याच उपयोगी पडल्या. फार धार्मिक असलेल्यांना धार्मिक पद्धतीचा किंचित अधिक उपयोग झाला. २०१८ साली कॅप्टारी आणि इतरांनी ९७ अभ्यासांचे, म्हणजे ७,१८१ माणसांवरच्या निष्कर्षांचे, एकत्रित गणित मांडले. काहीच उपचार नसण्यापेक्षा धार्मिक उपचार बरा, हे त्यात आलेच. पण जिथे खरोखर तीच पद्धत एकदा धर्मासह आणि एकदा धर्माशिवाय अशी तपासली होती, तिथे मनाच्या त्रासात पडणारा उतार सारखाच होता. फरक पडला तो आध्यात्मिक समाधानात.

हे वाचताना शिक्षकांनी एक प्रश्न जरूर विचारावा. बाजारातल्या पुस्तकावर ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ असे लिहिलेले असते ते कोणाशी तुलना करून? प्रतीक्षायादीशी तुलना केली तर जवळपास कोणतीही आपुलकीची पद्धत जिंकते. मुलांना घड्याळ लावून रोज अर्धा तास कोणी शांतपणे ऐकून घेतले तरी ती सुधारतील. दुसरे असे, की हे संशोधन करणारे बहुतेक स्वतः श्रद्धावान आहेत. त्यात गैर काही नाही. एलिसही आपल्या पद्धतीवर श्रद्धा ठेवूनच प्रयोग करत होता. पण तुलना जितकी काटेकोर तितका धर्माचा जादा गुण कमी दिसतो, एवढे नोंदवून ठेवावे.

रुग्णासाठी दुरून कोणी प्रार्थना केल्याने रोग बरा होतो का, हा प्रश्न मात्र यापासून पूर्ण वेगळा आहे. २००६ साली अमेरिकेत हृदयशस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर ते तपासले गेले. प्रार्थना होईलच असे सांगता येत नाही, असे कळवलेल्या दोन गटांपैकी एकासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. गुंतागुंत ५२ आणि ५१ टक्के. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे हे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात ती ५९ टक्के निघाली. हा प्रयोग समुपदेशनाच्या बाजूने किंवा विरुद्ध पुरावा म्हणून दोन्हीकडचे लोक फेकून मारतात. त्याचा इथे संबंध नाही.

क्षमेवरचे काम मात्र संबंधित आहे. व्हर्जिनियातले एव्हरेट वर्दिंग्टन हे श्रद्धावान ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञ क्षमा कशी करता येते याचा अभ्यास करत होते. १९९६ च्या नववर्षाच्या सुमारास त्यांच्या आईचा घरात शिरलेल्या चोराने खून केला. आपलीच पद्धत त्यांना स्वतःवर वापरावी लागली. दुखावलेला प्रसंग आठवणे, समोरच्याच्या जागी उभे राहून पाहणे, क्षमा ही भेट म्हणून देणे, तसा शब्द देणे आणि तो टिकवणे, अशा तिच्या पाच पायऱ्या. २०२४ साली या पद्धतीची चाचणी कोलंबिया, हाँगकाँग, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि युक्रेन इथल्या ४,५९८ लोकांवर झाल्याचे प्रसिद्ध झाले. स्वतः सोडवायची ती एक कार्यपुस्तिका होती, आणि क्षमेबरोबर नैराश्य व चिंता यांतही फरक पडला. पण ही तुलना पुन्हा प्रतीक्षायादीशीच, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. आणि वर्दिंग्टन यांच्या श्रद्धेतून निघालेली पद्धत मुस्लिम, बौद्ध आणि कशावरच विश्वास नसलेली माणसेही वापरू शकतात, हा तिचा गुण मला अधिक वाटतो. एक सावधगिरी: मारहाण सोसणाऱ्या बाईला किंवा छळ झालेल्या मुलाला ‘क्षमा कर’ असे सांगणे म्हणजे समुपदेशन नव्हे. आधी मारहाण थांबली पाहिजे.

मग श्रद्धेचा जादा गुण इतका थोडा असेल, तर तिला खोलीबाहेर ठेवले तर काय बिघडेल? याचे उत्तर केनेथ पार्गमेंट यांच्या कामात सापडते. त्यांनी दाखवले, की संकटात माणसे धर्माचा आधार घेतात तो सगळाच हितकर नसतो. ‘देव माझ्या बरोबर आहे’ हा एक प्रकार. ‘देवाने मला टाकले’, ‘ही मला शिक्षा आहे’, हा दुसरा. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयातल्या ५९६ वयस्क रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला. देवाने आपल्याला टाकले आहे का, त्याचे आपल्यावर प्रेम आहे का, हे सैतानाने केले का, अशा विचारांत अडकलेल्यांचा मृत्यूचा धोका १९ ते २८ टक्क्यांनी जास्त दिसला, आणि तोही आजाराची तीव्रता वगैरे हिशेबात धरल्यावर. हा अभ्यास २००१ सालचा. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे इथेही लागू आहेच. तरी ज्या समुपदेशकाने ‘धर्माचे बोलायचे नाही’ असा नियम केला आहे, त्याला हा विचार रुग्णाच्या मनात आहे की नाही हे कळणारच नाही. माझा विद्यार्थी दुसऱ्या प्रकारात होता. त्याने दार ठोठावले आणि मी ते ऐकले नाही.

आता दुसरा धोका. समुपदेशकाची श्रद्धा रुग्णाच्या आड आली तर? ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात २००९ साली समुपदेशनाच्या एका विद्यार्थिनीने समलिंगी संबंधातल्या व्यक्तीला त्या संबंधाबाबत मदत करायला धर्माच्या कारणाने नकार दिला आणि तिला अभ्यासक्रमातून काढण्यात आले. प्रकरण न्यायालयात गेले, २०१२ साली वरच्या न्यायालयाने तिची बाजू ऐकण्याजोगी मानली, पुढे तडजोड झाली. अमेरिकन समुपदेशकांच्या संघटनेने २०१४ च्या आचारसंहितेत लिहून टाकले, की केवळ आपली मूल्ये जुळत नाहीत म्हणून कोणाला दुसरीकडे पाठवायचे नाही. त्यावर टेनेसी राज्याने २०१६ साली नेमका उलटा कायदा केला, आणि संघटनेने आपली पुढच्या वर्षीची परिषद त्या राज्यातून हलवली. समलिंगी कल प्रार्थनेने आणि ‘उपचाराने’ बदलू पाहणारी एक्झोडस इंटरनॅशनल ही मोठी ख्रिस्ती संस्था २०१३ साली लोकांची माफी मागून बंद झाली, तेव्हा कित्येकांची उमेदीची वर्षे त्यात गेली होती. आपल्याकडे असे कल बदलण्याचे उपचार करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली कळवले. याबाबत मला मधला मार्ग दिसत नाही. जिथे पुरावा नुकसानीचा आहे तिथे श्रद्धेचा आदर हे कारण चालत नाही.

हे सगळे परदेशातले झाले, असे वाटेल. पण या प्रयोगाची एक महत्त्वाची शाखा पुण्यात आणि लोणावळ्यात होती. अँथनी डिमेलो हे मुंबईत १९३१ साली जन्मलेले जेज्विट धर्मगुरू. समुपदेशनाचे शिक्षण त्यांनी शिकागोत घेतले आणि परत येऊन सत्तरच्या दशकात पुण्याला ‘साधना’ ही पाळकीय समुपदेशनाची संस्था काढली. पुढे ती लोणावळ्याला गेली. श्वासाकडे लक्ष देणे, शरीरातल्या संवेदना पाहणे, गोष्टी सांगणे, विपश्यनेपासून रॉजर्सपर्यंत जे हाती लागेल ते ते वापरत. त्यांचे ‘साधना’ हे पुस्तक १९७८ सालचे. १९८७ साली ते वारले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या काही मतांबद्दल इशारा देणारे पत्रक काढले. येशूला इतर गुरूंच्या रांगेत बसवले जाते आणि देव निराकार होऊन जातो, अशी तक्रार होती.

विज्ञानाच्या बाजूने पाहणाऱ्याला हे पत्रक हास्यास्पद वाटू शकते. मला ते प्रामाणिक वाटते. श्रद्धेला उपचाराचे साधन केले, की तिची परीक्षा ‘याने बरे वाटते का’ एवढ्याच मापाने होऊ लागते. जे आसन, जी प्रार्थना, जी गोष्ट नैराश्याचे गुण कमी करील ती ठेवायची, बाकी सोडायची. श्रद्धावानाच्या दृष्टीने हा व्यवहार फार मोठा आहे. त्याचा देव त्याला बरे वाटावे म्हणून नसतो. ख्रिस्ती समुपदेशनाची गुळगुळीत पुस्तके या अडचणीला हातच लावत नाहीत. रोमच्या पत्रकाने निदान ती पाहिली. डिमेलोंच्या बाजूने इतके म्हणता येईल, की समोरचा माणूस कोणत्या धर्माचा आहे हे विचारून मग त्याला शांत बसायला शिकवावे, असे त्यांना कधी वाटले नाही.

शाळेत हा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण इथे समोरचा अज्ञान असतो आणि त्याचे गुण आपल्या हातात असतात. प्रौढ माणूस ख्रिस्ती समुपदेशकाची पाटी वाचून आपणहून आत जातो. नववीतल्या मुलाला असा पर्याय नसतो. मिशनच्या शाळेतल्या हिंदू मुलाला नसतो आणि आपल्या शाळेतल्या ख्रिस्ती किंवा मुसलमान मुलालाही नसतो. म्हणून शिक्षकाने आपला देव, किंवा आपला निरीश्वरवाद, शिक्षकखोलीत ठेवून यावे असे मला वाटते. मुलाने स्वतः देवाचे नाव काढले तर विषय बदलू नये. त्याच्या घरी काय मानतात, आईवडील अशा वेळी काय म्हणतात, हे त्यालाच विचारावे. ‘मला शिक्षा झाली’ हे वाक्य ऐकू आले तर ते कानाआड करू नये, आणि झोप, जेवण, अभ्यास यांवर दोन आठवड्यांहून अधिक परिणाम दिसला, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे तो बोलला, तर पालकांना बोलावून डॉक्टरांकडे पाठवावे. जगण्याच्या कंटाळ्याचे बोलणे असेल तर त्याच दिवशी. घरच्यांना त्यांच्या धर्मगुरूंशीही बोलायचे असेल तर त्यात अडथळा आणण्याचे आपल्याला काही कारण नाही. फक्त डॉक्टरांची तारीख त्यासाठी पुढे ढकलू देऊ नये.